नवीन स्टोनी कोरल आणलाय? मग पहिले काही आठवडे असं करा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी स्टोनी कोरल, म्हणजे दगडासारखा कठीण सांगाडा बांधणारा प्रवाळ, मागवला की थर्माकोलचा बॉक्स उघडल्यावर जे दिसतं ते बघून भल्याभल्यांचा धीर सुटतो. हॅमर नावाच्या कोरलची सगळी हेड्स (मांसल तोंडं) आत ओढलेली, अ‍ॅक्रो म्हणजे फांदीवाल्या कोरलचा रंग फोटोतल्या रंगाशी कुठेच जुळत नाही, पिशवीतलं पाणी गढूळ आणि तळाशी शेंबडासारखं काहीतरी चिकट. मग सुरू होतो खेळ, कुणी लाईट वाढवतं, कुणी अमिनो अॅसिडच्या बाटल्या ओततं, कुणी दर दोन तासांनी कोरल उचलून वेगळ्या दगडावर ठेवून बघतं, आणि आठवड्याभराने तो गेला की दोष कुरिअरवाल्याचा. माझं स्पष्ट मत आहे की प्रवासाने जेवढे कोरल जातात त्यापेक्षा जास्त आपले हात शिवशिवतात म्हणून जातात. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं काय करायचं याबद्दल आहे आणि निम्मं काय करायचं नाही याबद्दल.

आधी त्या पिशवीत काय झालंय ते समजून घ्या. कोरलच्या टिश्यूमध्ये झूझँथेली नावाचं एकपेशीय शेवाळ राहतं, ते प्रकाशावर साखर बनवतं आणि कोरलचं बहुतेक जेवण तिथूनच येतं. मुंबईहून गाडीने नाहीतर चेन्नई-बेंगळुरूहून विमानाने पुण्यात लोहगावला, म्हणजे अख्खा दिवस, कधी त्याहून जास्त वेळ अंधारात, मग हे उत्पन्न बंद. त्यात पिशवीतला ऑक्सिजन कमी होत जातो, अमोनिया वाढतो, तापमान वरखाली होतं, आणि कोरल स्वतःला वाचवायला म्युकस सोडतो, तेच ते शेंबडासारखं. हे म्युकस बनवायला पण ताकद लागतेच. म्हणजे तुमच्याकडे पोचतो तेव्हा कोरल उपाशी आणि दमलेला असतो, आजारी असेलच असं नाही. औषधाची गरज नसते, स्थिर पाण्याची असते.

आणखी एक, पाण्याच्याही आधीचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सगळे स्टोनी कोरल आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्याच पंक्तीला. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे कोरल २०२० मध्ये दुसरीकडे हलवले तेव्हा सरकारी प्रकल्प असूनही वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली होती. त्यामुळे मालवणला स्नॉर्कलिंगला गेलेल्या कुणी बाटलीत घालून आणलेला तुकडा, किंवा कुणी गुपचूप विकत असलेला ‘लोकल’ पीस, अजिबात घेऊ नका, मेलेला सांगाडासुद्धा नको. बाहेरून आलेले स्टोनी कोरलही सायटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात, म्हणून विकणाऱ्याकडे आयातीची कागदपत्रं मागा, आणि ती बघून पण मनात शंका राहिली तर वन खात्यात विचारून घ्या. कागद मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडून माशाचं खाणंसुद्धा घेऊ नये असं मला वाटतं.

पाणी, तेही कोरल यायच्या आधी

पुण्यात पाण्याची गंमत अशी की एकाच सोसायटीत सोमवारी खडकवासल्याचं पाणी असतं, बुधवारी टँकरचं आणि गुरुवारी पाणीच नसतं. बोअर आणि टँकरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, टीडीएस (विरघळलेले क्षार) कुठल्या कुठे. त्यामुळे आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार काढणारं फिल्टर) लावून टीडीएस शून्य आलेलंच पाणी सॉल्ट मिक्सला (समुद्री मीठ कालवायला) आणि टॉपअपला (उडालेलं पाणी भरून काढायला) वापरायचं, यात पळवाट नाही. घरच्या प्यायच्या आरओचं पाणी चालेल का हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. नाही चालणार, कारण त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात नाहीतर मिनरल घालतात, आणि तुम्हाला नेमकं तेच नकोय.

आकडे सांगतो, पण आकड्यांच्या मागे वेड्यासारखं धावू नका. क्षारता (पाण्याचा खारेपणा) ३५ पीपीटी म्हणजे ग्रॅव्हिटी १.०२६ च्या आसपास. तापमान २५ ते २६ डिग्री. अल्क (अल्कलिनिटी, सांगाडा बांधायला लागणारं कार्बोनेट) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२८० ते १३५० पीपीएम. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या मध्ये कुठेतरी. तुमचा अल्क कायम ७.५ असेल आणि महिनोन्‌महिने तिथेच असेल तर नवीन कोरलसाठी म्हणून तो ८.५ वर नेऊ नका, स्थिर ७.५ हा उड्या मारणाऱ्या ८.५ पेक्षा कधीही चांगला. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या आरओ पाण्याने शून्यावर लावून समाधान मानू नका, ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशनचं द्रावण मिळतं त्याने लावा, कारण शून्यावर बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ वर चुकीचा निघू शकतो.

नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य दाखवतंय म्हणून खूश होणारे पण खूप आहेत. ते चांगलं लक्षण नाही हो. उपाशी कोरल अजून उपाशी राहतो, फिका पडत जातो, वर वाळूवर डायनो नावाच्या शेवाळाचं तपकिरी चिकट जाळं येतं ते वेगळंच. अशा वेळी माशांना थोडं जास्त खायला घाला, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) थोडा कमी ओला, म्हणजे कमी फेस काढेल असा, चालवा, फॉस्फेट ओढणारं मीडिया काढून ठेवा, झालं.

टँक नवीन असेल, म्हणजे सहा-आठ महिन्यांपेक्षा लहान, तर अ‍ॅक्रोपोरा आणायची घाई करू नका. डंकन, हॅमर, फेव्हिया असले एलपीएस (मोठ्या पॉलिपचे, म्हणजे मोठ्या तोंडांचे, स्टोनी कोरल) जास्त सांभाळून घेतात. एसपीएसच (बारीक पॉलिपचा) हवा असेल तर मॉन्टिपोराने सुरुवात करा.

आणि हो, ऑर्डर कधी द्यायची हे पण पाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. पुण्यात मेंटेनन्ससाठी लाईट जायची ती बहुतेक गुरुवारी, म्हणून बॉक्स बुधवारी संध्याकाळी घरी येईल असं कधीच करू नका, शुक्रवार-शनिवार बघा, म्हणजे घरी पण असता. एप्रिल-मेमध्ये मागवायचाच असेल तर रात्रीच्या प्रवासाने. वेव्हमेकरला (पाणी हलवणाऱ्या पंपाला) बॅटरी बॅकअप नाहीतर निदान बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असलाच पाहिजे, कारण लाईट गेल्यावर आधी ऑक्सिजनची बोंब होते, तापमानाची नंतर.

तापमानाचं पुण्यातलं दुखणं वेगळं आहे. मे महिन्यात काय करायचं ते सगळ्यांना माहीत असतं, चिलर लावतात, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा अशी हवा असते तेव्हा टँक दिवसभरात तीन-तीन डिग्री वरखाली होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही कारण मोबाईलवरचा फोटो कायम संध्याकाळी काढलेला असतो. हीटर आणि पंखा दोन्ही कंट्रोलरवर टाका. पंख्याने पाणी बाष्प होऊन थंड होतं हे कोरड्या उन्हाळ्यात मस्त चालतं, पण पाऊस सुरू झाला आणि हवा दमट झाली की तोच पंखा जवळजवळ शोभेचा उरतो, हे जून-जुलैत लक्षात ठेवा. शिवाय पंखा चालू म्हणजे पाणी उडणार, ऑटो टॉपअप नसेल तर क्षारता रोज चढणार.

पहिली संध्याकाळ

टँकचे लाईट बंद करा नाहीतर फक्त मंद निळे ठेवा. पिशवी बाहेरून धुवून न उघडता १५-२० मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, तापमान जुळेल. मग उघडा आणि पहिलं काम म्हणजे पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजा. तुमच्या टँकशी ग्रॅव्हिटीत ०.००१-०.००२ चा फरक असेल तर सरळ पुढच्या पायरीला जा. जास्त असेल तर टँकचं पाणी थेंबथेंब सोडून अर्ध्या तासात जुळवा. दोन-दोन तास ड्रिप करत बसायची पद्धत सोडा. पिशवी बंद असताना आत कार्बन डायऑक्साईड साठून पीएच खाली गेलेला असतो आणि त्यामुळे अमोनिया कमी विषारी रूपात असतो, पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साईड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी व्हायला लागतो. म्हणजे तुम्ही प्रेमाने ड्रिप करताय आणि कोरल तिथे भाजतोय. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, एक थेंब पण नाही, बाथरूममध्ये.

कोरल उचलताना प्लगला (कोरल चिकटवलेल्या छोट्या चकतीला) किंवा खालच्या सांगाड्याला धरा, मांसाला कधीच नाही. टॉर्च, हॅमर, ट्रॅकिफिलिया असले मांसल कोरल फुगलेले असतील तर आधी पाण्यातच हलकेच हलवून त्यांना आत जाऊ द्या आणि मगच बाहेर काढा, फुगलेला कोरल हवेत उचलला तर स्वतःच्या वजनाने लोंबकळतो आणि सांगाड्याच्या धारेवर फाटतो, आणि त्या फाटलेल्या जागेतूनच पुढची सगळी दुखणी सुरू होतात.

आता डिप, म्हणजे किडे मारणाऱ्या द्रावणाची अंघोळ. एका छोट्या बादलीत टँकचंच पाणी घ्या, कोरल डिपच्या बाटलीवर जे प्रमाण लिहिलंय तेवढंच घाला, आपल्या मनाने दुप्पट नाही, ५ ते १० मिनिटं. मोठ्या सिरिंजने नाहीतर बास्टरने फांद्यांमध्ये, प्लगच्या खाली हलकेच पाण्याचा फवारा मारत राहा आणि बादलीचा तळ बघत राहा. पांढरी बादली घ्या, किडे दिसतात. अ‍ॅक्रोवर चपटे किडे आणि बारीक लाल-पिवळे रेड बग, मॉन्टिपोरावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे न्युडिब्रँक, हॅमर-टॉर्चवर त्यांचे वेगळे चपटे किडे, हे सगळं इथेच पकडायचं. त्यानंतर दुसऱ्या बादलीत साध्या टँकच्या पाण्यात खळबळून घ्या आणि डिपचं पाणी फेकून द्या.

डिपने किडे मरतात, अंडी मरत नाहीत, आणि हे न कळल्यामुळे अख्खे टँक हातचे गेलेत लोकांचे. भिंग घेऊन सांगाड्याच्या उघड्या भागावर, फांदीच्या बुडाशी बघा, पिवळसर-तपकिरी ठिपक्यांचे पुंजके दिसले तर खरवडून काढा. शक्य असेल तर जुना प्लग कापून टाका आणि कोरल नव्या प्लगवर चिकटवा, कारण प्लगवरच अंडी, एप्टेशिया, बबल अल्गी, वर्मेटिड गोगलगाई सगळं वऱ्हाड बसून आलेलं असतं. वेगळा छोटा क्वारंटाईन टँक असेल तर काय विचारता, चार ते सहा आठवडे तिथे ठेवून आठवड्याला एक डिप. पण तो छोटा टँक स्थिर नसेल, तापमान-क्षारता रोज हलत असेल, तर त्यात एसपीएस ठेवणं म्हणजे किड्यांपासून वाचवून पाण्याने मारणं.

एक सावधगिरी, हसण्यावारी नेऊ नका. प्लगवर शेजारी झोआ किंवा पॅली (बटणासारखे मऊ कोरल) उगवलेले असतील तर हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घालूनच प्लग कापा-खरवडा. त्यांच्यातल्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, माणसाला दवाखान्यात पोचवणारं विष. त्यांनी भरलेला दगड कधीही गरम पाण्यात उकळू नका, वाफेतून घरातल्या सगळ्यांना बाधा होऊ शकते.

कुठे ठेवायचा

वर नाही. तुमच्या मनात त्याची कायमची जागा सगळ्यात वरच्या दगडावर असली तरी सुरुवात वाळूवरच्या रॅकवर, बाजूला, लाईटच्या मधोमध नाही. अंधारातून आलेल्या कोरलवर एकदम पूर्ण प्रकाश टाकला की झूझँथेली जेवढं झेपतं त्याच्या पलीकडे काम करायला लागतं, त्यातून घातक ऑक्सिजन रेणू तयार होतात आणि कोरल स्वतःच त्या शेवाळाला बाहेर टाकतो, यालाच आपण ब्लीच म्हणतो. लाईटची भीती म्हणून नाही, पण उपाशी माणसाला पहिल्याच पंगतीत पुरणपोळ्या वाढल्या तर जे होतं ते.

पार मीटर (कोरलला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारं यंत्र) कुणाकडून मिळत असेल तर एक दिवस आणा आणि टँकचा नकाशाच काढून ठेवा. सुरुवात ५० ते ७५ पारला. एलपीएस शेवटी ५० ते १५० मध्ये सुखाने राहतात, एसपीएसला २०० ते ३५० पर्यंत न्यायचं असतं पण तिथे पोचायला तीन-चार आठवडे घ्या. मोबाईलच्या अ‍ॅपवर अवलंबून राहू नका, निळ्या प्रकाशात ती भलतेच आकडे दाखवतात. मीटर नसेल तर एलईडीच्या कंट्रोलरमध्ये अक्लिमेशन मोड (प्रकाश हळूहळू वाढवणारा) असतो तो लावा, नसेल तर टँकमध्ये आधीच असलेल्या कोरलचा विचार करून नवीन कोरल खाली नाहीतर सावलीत ठेवा, सगळ्यांसाठी लाईट कमी करून जुन्या कोरलचं बिघडवू नका.

फ्लो म्हणजे सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. नवीन कोरल म्युकस सोडत असतो, ते वाहून जायला पाहिजे, नाहीतर त्याच्यातच बॅक्टेरिया वाढतात. पण वेव्हमेकरचा झोत सरळ तोंडावर नको, एका बाजूचं टिश्यू सांगाड्यावरून सोललं जातं. एसपीएसला जोरात पण दिशा बदलणारा, एलपीएसला हॅमरची टोकं संथ डुलतील एवढा. टोकं एकाच बाजूला वाकून ताठ राहिलीत तर फ्लो जास्त आहे, अजिबात हलत नाहीत आणि अंगावर कचरा साचतोय तर कमी.

क्लाऊनफिश असेल तर सांगायलाच नको, नवीन टॉर्च दिसला की ते त्यात लोळायला जातात, आणि दमलेला टॉर्च त्याने अजूनच बंद होतो. भोकं असलेली प्लास्टिकची छोटी टोपली उपडी घालून ठेवा काही दिवस, पाणी फिरतं आणि मासे लांब राहतात. क्लीनर श्रिंप आणि हर्मिट क्रॅबसाठी पण तीच टोपली उपयोगी पडते.

मग आता काय? आता काही नाही

सगळ्यात अवघड भाग हाच. पहिले काही दिवस हात पाण्याबाहेर. काचेतून बघा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, एकाच जागेवरून एकाच लाईटमध्ये फोटो काढा, म्हणजे फरक डोळ्याला नाही तरी फोटोत कळतो.

काय दिसलं तर घाबरायचं नाही ते आधी सांगतो. एलपीएस दोन-चार दिवस, कधी आठवडाभर बंद राहू शकतो. कोरलच्या तोंडातून तपकिरी दोऱ्यासारखं काहीतरी बाहेर पडतं, ते जास्तीचं झूझँथेली बाहेर टाकणं असतं, त्याचं त्याला करू द्या. एसपीएस तपकिरी होतो, तेही ठीक, तपकिरी म्हणजे आत शेवाळ भरपूर आहे, रंग नंतर येतो, त्यासाठी बाटली नाही लागत, वेळ लागतो. गोनिओपोरा पहिले काही दिवस मुठीएवढा आवळून बसतो. पॉलिप रात्री बाहेर आणि दिवसा आत हे तर कित्येक जातींचं रोजचंच.

काळजी करायची ती याची: सांगाड्याच्या कडेवरून मांस मागे सरकतंय आणि खालचा पांढरा स्वच्छ सांगाडा दिसतोय, रोज थोडा जास्त. तोंड उघडं, ओठ सुटलेले, बंदच होत नाही. शरीरातून पांढरे धागे बाहेर येतायत आणि शेजारी कुणी नाही ज्याच्याशी भांडण असेल. फिका पडतोय, म्हणजे तपकिरी नाही तर पांढुरका. आणि वास. निरोगी कोरल पाण्याबाहेर काढला तर समुद्राचा वास येतो, सडलेल्याला जो येतो तो एकदा घेतला की परत सांगावं लागत नाही.

या दिवसांत हात शिवशिवतच असतील तर अल्क टेस्ट करा, रोज, त्याच वेळी. सॅलिफर्ट असो नाहीतर हॅनाचा चेकर, एकच किट सारखं वापरा. नवीन स्टोनी कोरल जसजसा सावरतो तसतसा सांगाडा बांधायला लागतो आणि अल्क खायला लागतो, म्हणजे तुमचं जुनं डोसिंगचं गणित आठवड्या-दोन आठवड्यांत चुकायला लागतं आणि नेमकं तेव्हाच लोक टेस्ट बंद करतात कारण कोरल छान दिसायला लागलेला असतो. अल्क घसरलाच तर दिवसाला अर्धा डीकेएच, फार तर एक, त्याहून जास्त उचलू नका. टू-पार्ट (अल्क-कॅल्शियमची दोन बाटल्यांची द्रावणं) हातात नसेल तर घरचा खायचा सोडा चालतो, १०० लिटर पाण्याला १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम, आरओ पाण्यात पूर्ण विरघळवून फ्लो असलेल्या जागी हळूहळू. टँकचं खरं पाणी धरा, दगड-वाळू वजा करून, काचेवरच्या मापाचे लिटर नाही. बेकिंग पावडर नव्हे बरं का, त्यात स्टार्च आणि आम्ल असतं, डब्यावरचं नाव नीट वाचा.

खायला कधी घालायचं? कोरल उघडला नाही तोवर नाही. बंद कोरलवर मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाणं) टाकलं तर ते तिथेच सडतं आणि तुमच्या हाताने तुम्ही त्याला जखम देता. पॉलिप बाहेर यायला लागले, हात लावायच्या आधीच शेजारी टाकलेल्या खाण्याने ते हलतायत असं दिसलं, की रिटर्न पंप बंद करून लाईट मंद झाल्यावर थोडंसं मायसिस, मोठ्या तोंडाच्या एलपीएसला ताज्या कोळंबीचा तांदळाएवढा तुकडा, बारीक पॉलिपवाल्यांना पावडरचं कोरल फूड चिमूटभर. आठवड्यातून एकदा-दोनदा भरपूर झालं. खाणं धरलं आणि तासाभराने परत थुंकलं असेल तर तुकडा मोठा होता किंवा तो अजून तयार नाही, पुढच्या वेळी निम्मा. बाजारातला सुका जवळा वापरू नका, मीठ आणि काय काय असतं त्यात.

बिघडतंय असं दिसलं तर

इथे मात्र हात लगेच आत गेला पाहिजे, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉनवर तपकिरी जेलीसारखा गोळा दिसला तर ती ब्राऊन जेली, वेगाने एका हेडवरून दुसऱ्यावर जाते. सगळे पंप बंद करा, नाहीतर ती जेली टँकभर पसरेल. सायफनच्या पाईपने जेली ओढून बाहेर काढा, मग कोरल पाण्याखालीच एखाद्या डब्यात घेऊन डब्यासकट बाहेर. बाधलेलं हेड सांगाड्यापासून कापून टाका, निरोगी दिसणाऱ्या भागाच्या जरा आतपर्यंत, मन घट्ट करून. उरलेल्याला आयोडीनचा डिप द्या आणि जमलं तर बाकीच्या हॅमर-टॉर्चपासून वेगळ्या पाण्यात, नाहीतर त्यांच्या फ्लोच्या खालच्या बाजूला ठेवा. कापायचा जीव होत नाही म्हणून लोक एक हेड वाचवायला जातात आणि पाच घालवतात.

एसपीएसला बुडापासून मांस सुटायला लागलं तर दोन प्रकार. हळू असेल, आठवड्याला थोडं, तर आधी पाण्याची कारणं शोधा, अल्कची उडी, शून्य फॉस्फेट, किडे, फ्लो, आणि सुटलेल्या कडेवर सायनोअ‍ॅक्रिलेट जेल ग्लूचा थर देऊन बघा, कित्येकदा तिथेच थांबतं. पण काही तासांत अर्धी फांदी पांढरी होत असेल तर कारणं शोधत बसू नका, कटर घ्या आणि मांस शाबूत आहे तिथून दोन-तीन सेंटिमीटर वर तोडून टोकं नव्या प्लगवर लावा. जेवढी टोकं जास्त तेवढी एखादं वाचायची शक्यता जास्त. मूळ कॉलनी बाहेर काढा, टँकमध्ये सडायला ठेवू नका. टँकच्या फिल्टरमधला अॅक्टिव्हेटेड कार्बन बदला.

ब्लीच झालेला कोरल मेलेला नसतो, हे खूप जणांना पटत नाही. काचेसारखं पारदर्शक मांस सांगाड्यावर दिसतंय तोवर जीव आहे. त्याला कमी प्रकाश, स्थिर तापमान, नायट्रेट-फॉस्फेट शून्याच्या वर आणि जमेल तसं थोडं-थोडं खायला. रंग परत यायला आठवडे नाही तर महिने लागतात. उघड्या सांगाड्यावर हिरवं शेवाळ चढलं तर तो भाग मेला, पण शेजारचा जिवंत असू शकतो, मऊ टूथब्रशने शेवाळ तेवढं साफ करत राहा आणि कडा सोडून घासा.

वर कधी न्यायचा

पॉलिप रोज वेळेवर बाहेर येतायत, खाणं धरतोय, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे बुडाशी प्लगवर नवीन मांसाची पातळ कड पसरायला लागलीय किंवा एसपीएसच्या टोकांवर पांढुरकी-फिकट वाढ दिसतेय, ही वाढ असते, ब्लीच नाही, तेव्हा वर हलवायला सुरुवात करा. एका वेळी एकच पायरी, चार-पाच बोटं उंची नाहीतर लाईट १० टक्के, आणि मग आठवडाभर काही नाही. फिका पडला तर एक पायरी खाली, लाज नाही त्यात. ज्या आठवड्यात जागा बदलली त्या आठवड्यात सॉल्टचा ब्रँड, डोसिंग, लाईटचा स्पेक्ट्रम यातलं काहीही बदलू नका, नाहीतर काय बिघडवलं तेच कळणार नाही.

गणपतीत किंवा दिवाळीत गावी जाणार असाल तर त्याच्या आधीच्या महिन्यात नवीन कोरल घेऊच नका. शेजारच्या काकूंना टॉपअपची टाकी भरायला सांगता येतं, अल्क टेस्ट करायला सांगता येत नाही.

कायमची जागा ठरवताना शेजारी कोण आहे ते बघा. टॉर्च-हॅमर रात्री लांब स्वीपर (डंख मारणारे धागे) काढतात, १५ सेंटिमीटरपर्यंत सहज, आणि गॅलॅक्सिया त्याहून आगाऊ, त्यामुळे दिवसा दिसणाऱ्या अंतरावर जाऊ नका, फ्लो कुठल्या दिशेला वाहतो ते बघून त्या बाजूला जास्त जागा सोडा. चिकटवायला जेल ग्लू चांगला, पातळ नको, पाण्याखाली तो वाहून जातो. प्लगच्या खालच्या बाजूला वाटाण्याएवढा गोळा, दगडावरचं शेवाळ आधी ब्रशने काढून, मग दाबून हलकेच गोल फिरवत ठेवायचं आणि पंप पाच-दहा मिनिटं बंद. वेगवेगळ्या जातींचे कोरल एकाच टँकमध्ये असतील तर सम्पमध्ये (खालच्या फिल्टर टाकीत) कार्बनची पिशवी कायम असू द्या आणि ती दर तीन-चार आठवड्यांनी बदला.